ऑइलपेंटमधली उत्तर दिशा

तिला घरात आणि घराबाहेर सगळे चकवी म्हणायचे. नाव आत्याने ठेवलं होतं, आणि आत्याने ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की चिकटलंच. कारणही तसंच होतं म्हणा. पोरगी सहा-सात वर्षांची असताना एका लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायला म्हणून गेली आणि परत आली ती वरच्या मजल्यावरच्या भलत्याच लग्नात. तिथे पोटभर जेवली, फोटोला उभी राहिली, कुणीतरी हातात दिलेला फुगाही घेतला. त्या लोकांच्या अल्बममध्ये ती अजून आहे, नवरीला अगदी खेटून, दात काढून हसतेय. ही कुणाकडची, यावरून त्या घरात आजही वाद होत असतील.

"हिला जन्मतःच चकवा लागलाय," आत्या म्हणाली, आणि झालं.

बरं, वयाबरोबर सुधारेल म्हणावं, तर नाव नको. सतरावं सरलं तरी दवाखान्यातून बाहेर पडताना ही औषधांच्या कपाटाचं दार उघडायची. लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडे की उजवीकडे हे ठरेपर्यंत दार मिटायचं आणि लिफ्ट तिला घेऊन पुन्हा वर जायची. बाबा सामान पोचवायची व्हॅन चालवायचे. शहरातला गल्लीबोळ त्यांना तोंडपाठ, आणि पोटची पोर ही अशी. मित्रांमध्ये विषय निघाला की ते घाईघाईने टायरच्या भावाबद्दल बोलायला लागायचे.

आणि अशा ह्या पोरीने अकरावीत विषय कुठला घ्यावा? भूगोल!

आत्या हसता हसता खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. "अगं, तुला आपल्या घराचा संडास सापडेना परवा दिवे गेले तेव्हा, आणि तू जगाचा नकाशा काढणार?"

चकवीने फॉर्मवर भूगोलच लिहिला. बोलून उपयोग नव्हता, कारण खरं कारण सांगितलं असतं तर आत्या आणखी हसली असती. तिला नकाशे आवडायचे. नुसते आवडायचे नाहीत, जीव होता तिचा त्यांच्यावर. रस्त्यावर तिला कायम वाटायचं की गल्ल्या तिच्या पाठीमागे जागा बदलतात, तिची मजा बघतात. कागदावर मात्र सगळं एकदम समोर असायचं, निमूट, एका जागी. बोट ठेवायचं आणि म्हणायचं, मी इथे आहे. पहिल्यांदा तिला नकाशा नीट वाचता आला त्या दिवशी तिने बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, रडून घेतलं होतं.

बाबा तरी शाळेत गेलेच, विषय बदलून घ्यायला. भूगोलाच्या सरांना पोरं होकासर म्हणायची. उंच, वाळके, आणि होकायंत्र या विषयावर इतके भाविक, की ते यंत्र पेटीतून काढताना चपला काढतात अशी वावडी होती. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, लग्नाच्या हॉलसकट. होकासरांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही व्हॅन चालवता ना?" ते म्हणाले. "रस्ते पाठ आहेत?"

"सगळे."

"मग तुम्हाला नकाशा कधी लागला का? जो हरवतो त्यालाच तो लागतो. राहू दे तिला माझ्याकडे."

बाबा घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, की बारावीनंतर तिला तो भूमापनाचा कोर्स करायचाय तर करू दे. पण त्या कोर्सला भूगोलाच्या प्रॅक्टिकलचे मार्क बघतात, तेव्हा प्रॅक्टिकलमध्ये पहिला वर्ग आला तर पुढे, नाही आला तर मुकाट्याने काकाच्या कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारायला बसायचं. चकवीने मान डोलावली. त्यानंतर सहामाहीच्या प्रॅक्टिकलला तिने एक नदी समुद्राकडून डोंगरावर चढवली. शिक्क्यांचा आवाज तिला तेव्हापासूनच कानात ऐकू यायला लागला.

बारावीच्या वर्षी शाळेची नवी इमारत झाली, नेमकी चकवीच्या घरासमोरच्या मैदानापलीकडे. घराच्या गच्चीवरून शाळेची पाण्याची टाकी दिसायची. शाळेत जायचा रस्ताही तिला पाठ झाला, कारण तो एकच होता. पेट्रोल पंपाला वळसा, मोठं गेट, आत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बर्फाचा कारखाना होता. तिथेही शाळेचं एक छोटं गेट होतं, पण चकवी त्या वाटेला म्हणून गेली नव्हती. उगाच कशाला नशिबाची परीक्षा घ्या!

नव्या इमारतीत पाय ठेवल्या ठेवल्या होकासरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर उत्तर दिशा पक्की केली. शिपाईमामांना लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन बोलावलं. लाकडी पेटीतून ते लांबट होकायंत्र निघालं. मैदानाच्या मधोमध स्टुलावर ते ठेवलं. सुई थरथरली, डुलली, आणि तिचं लाल टोक पेट्रोल पंपाकडे रोखून थांबलं. मग मामांनी मैदानाच्या कुंपणभिंतीवर, चकवीच्या घराकडच्या बाजूला, वीतभर रुंद आणि पुरुषभर लांब असा लाल बाण काढला, टोक पंपाकडे, आणि टोकाशी एवढा थोरला 'उ'.

"ही उत्तर," होकासर म्हणाले. "आता ही हलायची नाही."

तेव्हापासून अख्खी शाळा त्या बाणावर चालायला लागली. कवायतीचे सर त्याच्याकडे बघून पोरांना वळवायचे.

वर्गात मुलं जेमतेम डझनभर. वार्षिक प्रॅक्टिकलसाठी होकासरांनी मैदानाचं प्लेन टेबल सर्वेक्षण लावलं. चकवीला हे काम इतकं आवडलं की काय सांगावं! तिकाटण्यावर ड्रॉइंगबोर्ड बसवायचा, पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो सपाट करायचा, कागद टाचायचा. मग पट्टीवरच्या फटीतून एक डोळा मिटून झेंड्याच्या खांबाकडे बघायचं आणि पट्टीला धरून रेघ मारायची. तसंच नळाकडे, टाकीकडे, गेटाकडे. मग टेबल उचलून दुसऱ्या जागी न्यायचं आणि पुन्हा त्याच गोष्टींकडे रेघा मारायच्या. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ती वस्तू. खांबाला हात न लावता खांब कागदावर! इतरांच्या रेघा भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींना टाळायच्या, चकवीच्या बरोबर टोकावर भेटायच्या. वर्गातला पहिला नंबर, ज्याला सगळे शार्पनर म्हणायचे, तोसुद्धा तिच्या कागदाकडे तिरक्या डोळ्याने बघून जायचा.

घोडं अडलं ते बाणापाशी.

झालं असं, की चकवीची आई लॉजच्या चादरी धुवायचं काम घ्यायची. सकाळी गच्चीवर दोऱ्यांना चादरी लागायच्या आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शाळेच्या त्या टाकीवर.

"मेली ती टाकी! अगदी उन्हाच्या आड येऊन उभी राहिलीय. बघ, माझी अर्धी दोरी सावलीत. बांधताना कुणाला विचारलं का यांनी?"

चकवी चिमट्यांचा डबा धरून उभी होती. टाकीच्या मागून सूर्य वर येत होता. तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं. सूर्य टाकीमागून येतो, म्हणजे टाकी पूर्वेला. तिने डबा खाली ठेवला, पुस्तकातल्या चित्रातल्या मुलासारखे दोन्ही हात पसरले आणि सूर्याकडे तोंड केलं. डावा हात उत्तर. डावा हात बर्फाच्या कारखान्याकडे चालला होता.

"काय गं, उडतेस का काय?" आई म्हणाली.

चकवीने हात खाली घेतले, पुन्हा पसरले. तरीही बर्फाचा कारखाना. मग तिला आठवलं की आपण चकवी आहोत, आणि ती नुसती बुचकळ्यात पडली. त्यानंतर रोज सकाळी ती गच्चीवर जाऊन हात पसरून उभी राहायची. शेजारच्या बाईने आईला विचारलंसुद्धा, मुलीचं सगळं ठीक आहे ना म्हणून. सूर्य काही टाकी सोडायला तयार नव्हता.

शेवटी कागदावर बाण काढायची वेळ आली तेव्हा तिने तो बर्फाच्या कारखान्याकडे तोंड करून काढला आणि हात वर केला.

"सर, भिंतीवरचा बाण उलटा आहे."

सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला.

"कोण म्हणतंय?" होकासर म्हणाले.

"मी."

मग जो हशा उसळला! शार्पनरने तर बाकावर डोकंच टेकलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण चकवी दिशा सांगणार? होकासर हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत. त्यांनी पेटी उघडली, होकायंत्र तिच्या कागदावर ठेवलं. सुई डुलली आणि लाल टोक पंपाकडे.

"बघ."

"पण सर, आईच्या चादरी..."

"काय?"

"सकाळी चादरींवर टाकीची सावली पडते. म्हणजे सूर्य टाकीच्या मागून..."

"चादरी," होकासर म्हणाले. "इकडे अख्ख्या पृथ्वीचं चुंबकत्व आणि तिकडे तुझ्या आईच्या चादरी. यंत्र चुकत नसतं बाळ, माणूस चुकतो." आणि त्यांनी लाल पेन काढून तिच्या सुरेख कागदावर, मधोमध, तिरकं लिहिलं: दिशाज्ञान शून्य. पुन्हा काढणे.

चकवीला फार लागलं. मार्कांसाठी नाही. ते शब्द आत्याने म्हटले असते तर तिने कानाआड केले असते. हे होकासरांनी लिहिलं होतं, ज्यांनी बाबांना परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मैदानात एक काठी रोवली. थंडीचे दिवस होते. पुस्तकात स्पष्ट छापलं होतं की थंडीत भर दुपारी आपल्याकडे सावली उत्तरेला पडते. काठीची सावली आखूड होत होत गेली आणि बर्फाच्या कारखान्याकडे बोट दाखवून उभी राहिली. तिने शार्पनरला हाताला धरून आणलं.

"बघ की!"

शार्पनरने काठीकडे बघितलं, भिंतीवरच्या बाणाकडे बघितलं. "तुझी सावलीपण हरवली असेल," तो म्हणाला आणि गेला.

घरी विचारावं म्हटलं. रात्री जेवताना तिने बाबांनाच गाठलं. "बाबा, शाळेचं मोठं गेट कुठल्या दिशेला आहे?"

"पेट्रोल पंपाच्या."

"तसं नाही. उत्तर, दक्षिण, काय?"

बाबांचा घास हातातच राहिला. "उत्तर-दक्षिण घेऊन करायचंय काय? पंपापाशी डावीकडे मारायचं की गेट."

"पण तुम्ही कसे जाता सगळीकडे?"

"वळत वळत," बाबा म्हणाले.

"आत्या, तुला माहितेय उत्तर कुठे?"

"म्हणजे काय? उत्तर वर असते." आत्याने बोट सरळ छताकडे केलं, पंख्याच्या दिशेने. "सगळ्या नकाशांत वरच तर असते."

चकवी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. हेच दोघं तिला आयुष्यभर हसत आले होते! पण खरं सांगायचं तर याने धीर आला नाही, उलट होता तोही गेला. म्हणजे विचारायला जगात कुणीच नव्हतं. एकीकडे होकासर, यंत्र, शार्पनर, वर्ग, कवायतीचे सर आणि ऑइलपेंट. दुसरीकडे चादरी, एक काठी आणि ती स्वतः, जी दवाखान्याच्या कपाटातून घरी जायला निघते.

तिने नांगी टाकली. नवा कागद घेतला, सगळं पुन्हा काढलं, बाण पंपाकडे केला. होकासरांनी खाली सही ठोकली आणि "आता कसं!" म्हणाले. लाल शेऱ्याचा जुना कागद फेकवला नाही म्हणून तिने तो गुंडाळून नकाशांच्या नळकांड्यात खाली सारला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून परीक्षक आल्या. बुटक्या, डोक्यावर टोपी, पायात खेळाडूंचे बूट, खांद्याला खिसेच खिसे असलेली पिशवी. होकासर त्यांना मोठ्या कौतुकाने मैदानात घेऊन आले. मॅडमनी भिंतीवरचा बाण बघितला. मग पायाशी स्वतःची सावली बघितली. मग पुन्हा बाण. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि एक तोंडात टाकलं.

"चला," त्या म्हणाल्या, "एकेकाने यायचं. कागद माझ्या हातात द्यायचा आणि उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं. बाकी नंतर."

शार्पनर पहिला. टाचा जुळवून असा फिरला पंपाकडे, जणू पंपाने त्याला सलाम ठोकायला बोलावलंय.

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

"बस." मॅडमनी वहीत काहीतरी खरडलं आणि दुसरं बिस्किट घेतलं. पुढची आली, पंपाकडे फिरली. तिच्या पुढचा, पंपाकडे. प्रत्येकाला त्या "नक्की?" विचारायच्या आणि प्रत्येक जण छाती काढून "नक्की" म्हणायचा. होकासर बाणापाशी हाताची घडी घालून उभे होते. आपली मुलं एका सुरात उत्तर देतायत बघून त्यांचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं.

हजेरीत चकवी सगळ्यात शेवटी. तिची पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ती पुढे झाली, सही असलेला कागद मॅडमच्या हातात दिला आणि मैदानात उभी राहिली.

"उत्तर," मॅडम म्हणाल्या.

चकवीने खाली बघितलं. तिची आखूड सावली बर्फाच्या कारखान्याकडे पडली होती. समोर मैदानापलीकडे घराच्या गच्चीवर चादरी वाऱ्याने फुगत होत्या. पंपाकडे वळायचं, पहिला वर्ग घ्यायचा, कोर्सला जायचं. वळायचं तर होतं! सगळ्यांसारखं फिरलं की झालं. उलटं फिरली आणि चुकली, तर सगळं संपलं, आणि वर आयुष्यभर आत्याला एक नवीन गोष्ट सांगायला मिळाली. तिच्या कानात शिक्के वाजायला लागले. 

आणि तिला एकदम राग आला. कुणाचा म्हणाल, तर त्या सावलीचा. बिचारी रोज इमानेइतबारे एकाच बाजूला पडत होती आणि एक माणूस तिच्याकडे बघायला तयार नव्हता.

चकवी वळली. पंपाकडे पाठ केली आणि बर्फाच्या कारखान्याकडे तोंड.

मागून आधी एक फुसकन आवाज आला, मग हशा फुटला. "गेली, गेली!" कुणीतरी म्हणालं. होकासरांनी डोळे मिटून घेतले.

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

चकवीचा आवाज फाटला. "नक्की."

"कशावरून?"

तिने सांगितलं. चादरी, टाकी, काठी, सगळं सांगितलं, धापा टाकत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. मॅडमनी बिस्किटांचा पुडा बंद केला. पिशवीच्या एका खिशातून चपटं, घड्याळाएवढं होकायंत्र काढलं आणि होकासरांना म्हणाल्या, "सर, तुमचं यंत्र आणता जरा?"

दोन्ही यंत्रं स्टुलावर ठेवली, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही सुया डुलल्या, थांबल्या. सरांच्या सुईचं लाल टोक पंपाकडे, मॅडमच्या सुईचं कारखान्याकडे. नवराबायकोने भांडून एकमेकांकडे पाठ करून झोपावं तसं. हसणाऱ्या पोरांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

"सुई उलटलीय," मॅडम म्हणाल्या. "एखाद्या मोठ्या चुंबकाजवळ राहिली की असं होतं. कुठे ठेवता हे?"

होकासर वाकून दोन्ही सुयांकडे बघत राहिले. शिपाईमामाच पुढे आले. "स्टोअरमध्ये. सामान आधीच हलवलं होतं, आणि खाली ओल धरते म्हणून मी ती पेटी उद्घाटनाला आणलेल्या त्या मोठ्या स्पीकरवर ठेवली होती. अगदी वर, जपून!"

"त्या स्पीकरच्या पोटात हे एवढं चुंबक असतं मामा."

"आता मला काय माहीत, त्याच्या पोटात काय ते!" मामा म्हणाले. "मी गाणी असतील असं समजत होतो."

 मॅडमनी चकवीचा कागद उलगडला. "पण मुली, तुझ्या नकाशातला बाण तर पंपाकडेच आहे. खाली सरांची सही. तोंड इकडे आणि कागद तिकडे, मी मार्क कशाला देऊ?"

चकवीचा हात खांद्यावरच्या नळकांड्याकडे गेला आणि थांबला. आत तो जुना कागद होता. काढला की पहिला वर्ग. पण त्यावर ते लाल अक्षर होतं, सरांचं, ठळक, आणि अख्खा वर्ग आणि बाहेरच्या मॅडम ते वाचणार होत्या. तिने सरांकडे बघितलं. बाणापाशी ते असे उभे होते, की इतका उंच माणूस इतका लहान कसा झाला कळेना. तिला त्यांची दया आली, आणि त्यांचा रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम येत होतं आणि काय करावं सुचत नव्हतं. तिने हात मागे घेतला.

"दुसरा नाहीये," ती म्हणाली.

"आहे," होकासर म्हणाले.

ते चालत आले. तिच्या खांद्यावरून नळकांडं घेतलं, जुना कागद ओढून काढला आणि मॅडमच्या हातात न देता स्टुलावर पसरला. मॅडमनी तो शेरा मोठ्याने वाचला. "दिशाज्ञान शून्य. पुन्हा काढणे." 

होकासरांनी खिशातून तेच लाल पेन काढलं. चकवीला वाटलं आता शेरा खोडतील. शेऱ्याला त्यांनी हातही लावला नाही. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं ते खोडलं, आणि तिथे स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग पेनला टोपण लावलं.

चकवीच्या डोळ्यांतून टपाटप पाणी पडायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

मॅडमनी कागद उचलून एकेक रेघ निरखली. "सर, आता पंचाईत झाली," त्या शेवटी म्हणाल्या. "रेघा सुंदर आहेत, बाण बरोबर आहे, पण मार्क तुम्हाला द्यावे लागतील."

आणि होकासर हसले. कधी नव्हे ते हसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची सोय आहे हेच पोरांना त्या दिवशी कळलं. मॅडमनी तिचं नाव पुन्हा घातलं, खाली पहिल्या वर्गाच्याही वरचे मार्क मांडले, आणि बाकीच्यांना फर्मावलं की जेवून या आणि माझ्या होकायंत्रावर नवीन बाण काढा. शार्पनर चकवीजवळ आला, मैदानाकडे बघत म्हणाला, "ती काठी आहे का अजून?"

"सर," शिपाईमामा डबा घेऊन विचारत होते, "बाण खोडून उलटा काढू, का मॅडम म्हणतील तर शाळाच फिरवून घेऊ?"

चकवीला घरी सांगायची इतकी घाई झाली की कधी एकदा पोचते असं झालं. पाठ केलेला रस्ता पंपाला वळसा घालून होता. पण आज तिने पंपाकडे पाठ केली होती ती केलीच होती. ती तशीच बर्फाच्या कारखान्याच्या छोट्या गेटातून बाहेर पडली आणि हसत, रडत, मार्क घोकत चालत सुटली. भानावर आली तेव्हा आजूबाजूला एकही ओळखीची गोष्ट नव्हती. एक सायकलचं दुकान, एक भिंत, वाळत घातलेले कुणाचे तरी पायजमे.

फोन वाजला. बाबा होते. "अगं कुठे आहेस? आई गच्चीवरून बघतेय, पोरं केव्हाच सुटली!"

"बाबा, पहिला वर्ग! त्याच्याही वर!"

 पलीकडून बाबांनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागे आत्या "काय म्हणतेय, काय म्हणतेय?" करत होती.

"आहेस कुठे पण?" बाबा म्हणाले. "न्यायला येतो, व्हॅन काढतोय. जवळपास काय दिसतंय? पंप दिसतोय का?"

चकवीने इकडेतिकडे बघितलं. मग खाली सावलीकडे बघितलं आणि थोडीशी वळून नीट उभी राहिली.

"कुठे आहे ते काही कळत नाहीये बाबा," ती म्हणाली. "पण उत्तरेकडे तोंड करून उभी आहे."